मिरची उघड्या टेम्पोतच जाते

बावीस हजार फुटांवर मागून फट्ट असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. माझी को-पायलट तन्वी मान वळवून मागे बघायला गेली आणि तिला जोराचा ठसका लागला. पुढच्या क्षणी माझाही घसा पेटला. इंजिनं ठीक होती, सगळे काटे जागेवर होते. केबिनमध्ये मिरचीची पूड उडत होती आणि त्या केबिनमध्ये आमच्या मालकांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई बसली होती. सगळे त्यांना बा म्हणायचे. बांना दमा होता, हे मला माहीत होतं. आणि त्या पिशव्या मीच चढवू दिल्या होत्या.

हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

मी नंदुरबारचा. दोन सीटच्या ट्रेनर विमानावर उडायला शिकलो, मग त्याच क्लबात इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवले. आमच्या धंद्यात माणसाची किंमत उड्डाणाच्या तासांवर ठरते. तिथून एका उद्योगपतींच्या टर्बोप्रॉपवर आलो. टर्बोप्रॉप म्हणजे बाहेर पंखा, आत जेटच्या जातीचं इंजिन. सहा वर्षं मी उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट. डाव्या सीटवर कॅप्टन प्रधान. त्यांनी एकदा रसायनाचे दोन कॅन केबिनमध्ये घ्यायला साफ नकार दिला. महिन्याभरात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि डावी सीट मला मिळाली. मी पेढे वाटले. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

त्या वर्षी कंपनी जेट घेणार होती. प्रत्येक जेटचं वेगळं ट्रेनिंग असतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. ते कोणाला द्यायचं हे मालक ठरवणार होते. लहान विमानापासून ज्या खुर्चीसाठी मी पंधरा वर्षं घासली, ती आता हाताच्या अंतरावर आली होती.

फेब्रुवारीत मालक आमच्या भागात मिरचीवर प्रक्रिया करणारा कारखाना बघायला आले. बा सोबत होत्या. त्यांना वर्षाच्या मसाल्याची मिरची स्वतः निवडायची होती. मीच त्यांना माझ्या मामाच्या पथारीवर पाठवलं. पथारी म्हणजे मोकळ्या रानावर मिरची वाळत घालायची जागा. मामा तिथे मिरची वाळवून विकतो. बांनी मिरची निवडली, तिथेच दळून घेतली आणि पाच-पाच किलोच्या वीस प्लास्टिकच्या पिशव्या सीलबंद करून घेतल्या.

मामा टेम्पो घेऊन धावपट्टीवर आला. विमानाच्या दारातून त्याने आत डोकावलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाचा, हाई त बंद डबा शे. मिरची बंद गाडीमा कोनी नेस का? आम्ही उघडा टेम्पोमा नेतस. एक पिशवी फुटनी ना, त समदासले ठसका लागी. साहेबले सांग."

"मामा, पिशव्या पॅक शेतस. काही व्हनार नही."

तन्वीही म्हणाली, "सर, पूड आहे. केबिनमध्ये नको."

मी जनरल मॅनेजर सबनीसांकडे गेलो. म्हटलं, "या पिशव्या रस्त्याने पाठवल्या तर? उद्या पोहोचतील."

सबनीस हसले. "तुझ्याच गावची मिरची आणि तूच नाही म्हणतोस? बांना काय सांगू? आणि हे बघ, जेटसाठी नाव अजून ठरायचंय."

मी वजनाचं गणित केलं. शंभर किलो सहज बसत होते. वजन बसलं म्हणजे सगळं बसलं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तन्वीला म्हणालो, "लोड करायला सांग."

तोरणमाळच्या घाटात वेफर्सचं पाकीट फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल. वर हवा विरळ होते आणि पाकिटातली हवा बाहेर यायला बघते. विमानाच्या केबिनमध्ये आम्ही हवा दाबून भरतो, पण जमिनीइतकी नाही. बाहेर बावीस हजार फूट असतात तेव्हा आत तोरणमाळच्या दुप्पट उंचीची हवा असते. सामानाची जागा त्याच केबिनच्या शेपटीला. हे मला ठाऊक नव्हतं का? परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते की!

आम्ही दोघांनी ऑक्सिजन मास्क चढवले. प्रवाशांचेही मास्क खाली सोडले, पण त्यांच्या मास्कमध्ये केबिनची हवा मिसळते, म्हणजे मिरचीही. मी विमान झपाट्याने दहा हजार फुटांवर आणलं आणि केबिनचा दाब सोडून दिला, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर जाते. मागून सबनीस ओरडत होते. मालक "बा, बा" म्हणत होते. बांचा आवाज नव्हता. सगळ्यात जवळच्या सुरत विमानतळावर अँब्युलन्स सांगितली आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना उतरलो. धावपट्टी मला दोन-दोन दिसत होती. चाकं टेकल्यावर तन्वी रडत होती. मिरचीने की रागाने, मी विचारलं नाही.

बा दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या.

तिसऱ्या दिवशी सबनीसांनी रिपोर्ट पुढे केला. "पॅकिंगमधील दोष. पुरवठादारावर कारवाई. इथे सही कर."

"पुरवठादार म्हणजे माझा मामा. त्याने सांगितलं होतं, नेऊ नका."

"तोंडी सांगण्याला अर्थ नसतो. तू यातून सुटतोयस ना? मग?"

मी तो कागद फाडला. सबनीसांच्या टेबलावर, त्यांच्या देखत. माझ्या हाताने लिहिलं: को-पायलटने हरकत घेतली होती, पुरवठादाराने बजावलं होतं, तरी कॅप्टनने माल चढवू दिला. खाली माझी सही. माझ्या फाइलवर ताकीद बसली. मला वाटलं, जेट गेलं.

नाही गेलं. मालकांनी बोलावून घेतलं. "आंधळा झालास, तरी माझ्या आईला खाली आणलंस. जेट तूच उडवायचंस." अजूनही ते लग्नाकार्यात पाहुण्यांना माझी ओळख त्या लँडिंगवरून करून देतात. पिशव्या कोणी चढवू दिल्या, हे त्यात कधीच येत नाही. मला तिथून उठून जावंसं वाटतं.

ट्रेनिंगहून आल्यावर मी कॅप्टन प्रधानांना फोन केला. ते आता एका क्लबात मुलांना दोन सीटच्या विमानावर शिकवतात. मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मी ते कॅन घेतले असते, तर कदाचित मीही असाच छान उतरलो असतो. अभिनंदन."

आणि फोन ठेवला.

आता सामान चढताना मी स्वतः दारात उभा राहतो. जेटवर आल्यापासून तीनदा 'नाही' म्हणालो. तिन्ही वेळा विमान वेळेत पोहोचलं, कोणाला काही झालं नाही आणि तिन्ही वेळा सबनीसांनी माझ्याविरुद्ध लिहून दिलं. हे असंच चालायचं. जे घडलंच नाही, त्याबद्दल पाहुण्यांसमोर कोणी पाठ थोपटत नाही.

मामाची मिरची दर फेब्रुवारीत बांच्या घरी जाते. टेम्पोने. वरून नुसती ताडपत्री.