साधं रिव्हॉल्व्हर की लाइटवालं?

मैत्रिणींनो, आज पिंपरीच्या बाजारात सईला, माझ्या नातीला, दिवाळीचं खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर घ्यायला गेले. दुकानदार सलीमभाईंनी दोन काढली. एक साधं, टिकल्यांचं. दुसरं दिव्यांचं, आवाज काढणारं, दुप्पट किमतीचं.

"मॅडम, नवं मॉडेल घेऊन टाका. धूर नाही, कचरा नाही."

माझा जीव साध्यात. पण खेळणार ती!

"सई, यात टिकल्या फोडतात."

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "आजी, तुझ्या टिकल्या फुटतात?"

हसत सलीमभाईंनी एक उडवून दाखवली. फट्! तोच वास, लहानपणी माझ्या फ्रॉकला येणारा.

सई म्हणाली, "हेच घेऊ. पण आजी, आळीपाळीने हं!"

तेव्हापासून माझा नंबर काही लागलेला नाही. तुमच्याकडे नातवंडं खेळायला देतात का हो?