खेमाची बर्फावरची फळी

खेमाचा केसानं गळा कापला तो त्याच्या सख्ख्या साल्यानं, असं मी आजवर साऱ्यांना सांगत आलो. खोटं नाही ते. पण सांगताना मी दर वेळी एक गोष्ट गाळायचो, ती आज गाळणार नाही.

मी असोद्याचा भटू. केळीचा घड उतरला की उरलेले खांब आमच्याकडे बांधावर फेकून देतात. मी त्यांतून धागा काढायचं एक लहानसं यंत्र बसवलं होतं. गाव हसायचं, भटूनं केळं सोडून साल धरलं म्हणायचं. त्र्याण्णव साली पुण्याचे एक इंजिनिअर साहेब तो धागा बघायला घरी आले, तेव्हा गावाचं तोंड जरा बंद झालं.

साहेब परदेशात राहून आलेले. बर्फाच्या डोंगरावरून एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून घसरत यायचा खेळ ते तिकडे शिकले होते. तसली फळी त्यांना इथं करायची होती. तिकडच्या फळीत प्लास्टिक फार, मोडली की शंभर वर्षं कुजत नाही, म्हणाले. त्यांना आत बांबू हवा होता, वरखाली केळीच्या धाग्याचं कापड, आणि जोडायला काजूच्या टरफलाच्या तेलाची राळ. झाड तोडायचं नाही, आणि तरी वेगात ती परदेशी फळीला भारी पडली पाहिजे. जिथं आधी कुणाचं पाऊल पडलेलं नाही अशा उभ्या चढावर जायचं आणि ताज्या बर्फातून खाली यायचं, असा त्यांचा नाद. मला वाटलं, शिकलेली माणसंही वेडी असतात.

बांबू जाणणारा माणूस मी शोधू लागलो, तर साक्रीच्या लाकूड वखारीत कामाला असलेला रुपसिंग भेटला. दहावीपर्यंत शिकलेला, मराठी स्वच्छ बोलणारा, शर्टाला पेन लावणारा. आपले दाजी कामठे करतात, त्यांच्याइतका बांबू कुणाला कळत नाही, असं तोच म्हणाला. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

कामठा म्हणजे धनुष्य. खेमा साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात राहायचा. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. त्याचा बापही कामठेच करायचा. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, तीन वर्षांचा, भरीव, आणि बेटातले कोवळे कोंब न दुखवता. मी साहेबांचं चित्र त्याच्यापुढे धरलं. दोन्ही टोकं वर वळलेली, मधला भाग किंचित उचललेला. माणूस उभा राहिला की सपाट व्हायचा आणि वजन हललं की परत उसळायचा. खेमानं चित्र आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाला, हा तर झोपवलेला कामठा. मला जे समजवायला साहेबांना तासभर लागला होता, ते त्याला तेवढ्यात कळलं.

चार महिने तो त्या फळीपाठी लागला. मी तीनदा धागा घेऊन त्याच्या घरी गेलो. चुलीवरच्या धुरात वाळवलेल्या बांबूच्या पट्ट्या तो एकेक वाकवून बघायचा, कानाशी धरून टिचकी मारायचा आणि दहांतल्या सात फेकून द्यायचा. पहिली फळी तडकली, दुसरी पिळली. तिसरी झाली तेव्हा कार्तिक होता, डोंगरावरचं गवत वाळून निसरडं झालेलं. त्यानं रुपसिंगला फळीवर उभं करून उतारावरून सोडलं. रुपसिंग पंचवीस-तीस हात सरळ गेला आणि मग उताणा पडला. खेमा इतका हसला, की धनीबाई, त्याची बायको, घरातून धावत आली.

साहेबांनी पत्रात लिहिलं होतं, की ज्यानं फळी केली त्याला पौषात मी हिमाचलात नेईन, बर्फावर तिची परीक्षा त्याच्या डोळ्यांसमोर होईल. हे पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून खेमाला दुसरं काही सुचेना. बर्फ पायाखाली दबतो का, फळी त्याच्यावरून जाताना वाजते का, वळताना कुठल्या कडेवर जोर येतो, असं तो मला विचारायचा. मला काय माहीत? मी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. धनीबाईनं आठवडी बाजारातून त्याच्यासाठी जाड घोंगडी आणली.

आता त्यांच्या घरची एक रीत सांगतो, कारण सगळा घात तिथंच झाला. कामठा करणारानं तो आपण केला असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नाही. म्हटलं तर कामठ्याची ताकद जाते. ज्यानं तो पहिल्यांदा ओढला, त्यानं चार लोकांत करणाराचं नाव घ्यायचं. खेमाच्या बापानं ही रीत पाळली, खेमानंही पाळली. आणि फळीवर पहिल्यांदा उभा राहिला होता रुपसिंग.

धुळ्याला एका लॉजच्या खोलीत आम्ही साहेबांना फळी दिली. तिथूनच पुढं हिमाचलाला निघायचं होतं. साहेबांनी ती वाकवली, सोडली, परत वाकवली. पोरासारखे खूश झाले. मग त्यांनी आमच्या तिघांकडे बघून विचारलं, "ही कोणी केली?"

खेमा खाली बघत उभा राहिला. रुपसिंग नाव घेईल याची तो वाट बघत होता. मीही बघत होतो.

"मीच केली, साहेब," रुपसिंग म्हणाला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. खेमानं मान वर केली आणि साल्याकडे पाहिलं. जाताना त्यानं आपली घोंगडी रुपसिंगच्या खांद्यावर टाकली. तिकडे थंडी असते म्हणाला. घरी धनीबाईनं घोंगडी कुठं म्हणून विचारलं तेव्हा तिला सगळं कळलं. आपल्याच पाठचा भाऊ. ती दोन दिवस चूल पेटवायला उठली नाही.

फाल्गुनात रुपसिंग परत आला. साहेबांना आणखी बारा फळ्या हव्या होत्या, आणि रुपसिंगला साधी पट्टी निवडता येत नव्हती. मग आला दाजींच्या दारात. सोबत मी होतो, कारण धागा माझा लागणार होता. खेमानं दोघांना पाणी दिलं. फळ्यांचं नाव काढू दिलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "फळी खाले उतरनी तवय आवाज कसा व्हयना?"

रुपसिंग गडबडला. थंडी भलती होती, म्हणाला. साहेब वर गेले तेव्हा आपण गाडीत काचा लावून बसलो होतो, खाली आल्यावर फक्त फोटोला उतरलो, म्हणाला.

खेमानं विचारलं,

"मंग तू गया कसाले?"

गेलास कशाला, एवढंच; त्याचा आवाज चढला नव्हता. रुपसिंगनं मान खाली घातली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला राग अनावर झाला. मी खेमाला म्हटलं, हा साला नव्हे, वैरी आहे तुझा, ह्याला दारात उभं करू नकोस. बरंच काही बोललो. त्या लॉजच्या खोलीत मात्र मी मूग गिळून बसलो होतो, कारण त्याच सकाळी साहेबांनी माझा सगळा धागा घ्यायचं कबूल केलं होतं, आणि खुशीत असलेल्या माणसाचा बेत मला मोडायचा नव्हता. ती रीत खेमाला बांधत होती. मला कुठली बांधत होती?

खेमानं माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग माझ्या हातातला रिकामा तांब्या घेत म्हणाला, "भाऊ, त्या खोलीमा तू तं तठेच व्हता."