वाकड्या तोंडाची स्तुती

"बेल्स पाल्सी," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. त्याआधी त्यांनी मला भुवया उंचवायला, डोळे मिटायला, गाल फुगवायला सांगितलं होतं. डावी बाजू जागची हलली नव्हती. चेहरा हलवणारी नस सुजते आणि अर्धा चेहरा झोपी जातो, असं त्यांनी समजावलं. मेंदूचा झटका नव्हता. "बहुतेकांचं बरं होतं. तुमचं किती आणि कधी, ते आज सांगता येणार नाही."

भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही अकोल्याहून आलो होतो. सकाळी चूळ भरली आणि ती ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेली. तुमच्यापैकी कुणाला असं झालं, तर घरी तेल चोळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. झटका की नस, हे आपल्याला आरशात कळत नाही, आणि गोळ्या लवकर सुरू झालेल्या बऱ्या.

परतीच्या गाडीत माझ्या डाव्या डोळ्यात मलम आणि वर पट्टी होती. उजव्या डोळ्यावर झापड येत होती. काळी रानं, फुटलेला कापूस, एखादं निंबाचं झाड, सगळं धुक्यातून तरंगत मागे जात होतं. त्या गुंगीत मी "प्रभू" म्हणून पाहिलं. ओठ मिटेनात. नुसती फुंकर निघाली.

आमच्या चर्चमध्ये रविवारी स्तुतिगीत मीच धरतो. बाकीचे दिवस त्याच तोंडानं मी कुरकुर करतो. बस उशिरा आली, शेजाऱ्यानं दारात गाडी लावली, भाजीत मीठ कमी पडलं. देवानं माझं दुतोंडीपण पाहिलं आणि शिक्षा दिली, याची मला खात्री वाटली. आता हे तोंड स्तुतीसाठी परत मिळेल का, ही खरी भीती होती. बायकोला, रूथला, मी ते कसंबसं सांगितलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "देवाले काय गरज जी तुमचं तोंड वाकडं करायची?" ती म्हणाली. "ते तं तुमी रोजच करता. आता फक्त डाक्टरनं पाह्यलं."

मला हसू आलं. अर्धंच आलं. मग तीही हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी दुपारी ती बोटानं माझी पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावायची. मी पडून राहायचो. कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला, तिच्या बांगड्या, हे सगळं दूर कुठल्या तरी गावातून येत असल्यासारखं ऐकू यायचं. तशातच एकदा माझ्या ध्यानात आलं की आत गाणं चालू आहे. ओठ नाहीत, सूर नाही, तरी चालू आहे. शिक्षा करणारा देव हे ऐकवत बसला नसता, असं वाटलं. निदान त्या दुपारी वाटलं. सकाळी चहा सदऱ्यावर सांडला की मी पुन्हा चिडायचो.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आरशासमोर प, ब, म म्हणायला सांगितलं होतं. मी रोज "प्रभू" म्हणायचो. रोज फुंकर.

काही आठवड्यांनी एका सकाळी नळाची पाळी होती. रूथ पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन उभी होती, नळ नुसता फुसफुसत होता. माझं डोकं फिरलं. "पाणी काहून नाई आलं आजही?" मी ओरडलो.

रूथनं गुंड खाली ठेवला. "काय म्हनलं तुमी?"

मी तक्रार पुन्हा सांगू लागलो. तिनं हात वर करून थांबवलं. "तेवढा एकच शब्द म्हना."

"पाणी," मी म्हणालो. ओठ मिटले आणि उघडले.

आजही हसताना माझा डावा कोपरा जरा मागे राहतो, आणि कुरकुर पुरती गेलेली नाही. पण पहिला "प" देवानं मला कुरकुरीतच परत दिला, स्तुतीची वाट पाहिली नाही. त्या सकाळी कोरड्या नळापाशी मी म्हणत राहिलो, पाणी, पाणी, आणि मग, प्रभू.