चीन न पाहिलेलं चिनी कपाट

डोकं अजून तापलंय, म्हणून इथेच ओकतो.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी डब्लिनमध्ये जुन्या फर्निचरच्या दुकानात काम करतो, हे तुम्हाला माहीत आहे. सायली मला आवडते, हेही तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. आज ती दुकानात आली, पण जवळच्या लिक्सलिप गावात राहणाऱ्या त्या अनिकेतबरोबर! तिच्या नव्या घरासाठी तो तिला काहीतरी भेट म्हणून घेऊन देणार होता.

सोनेरी चित्रांच्या एका काळ्या कपाटापाशी थांबून तो म्हणाला, "सायली, हे बघ, अस्सल चायनीज."

माझं टाळकं सटकलं. "अस्सल कसलं? चित्रातल्या बाईच्या कपाला कान आहे बघ. जुन्या चिनी कपांना कान नसायचे. चीन कधीच न बघितलेल्या कुणा युरोपियनाने मनानेच रंगवलंय हे."

वाटलं, पडला आता तोंडावर.

सायली मात्र कपाटाला नाक लावून बघत राहिली. "चीन न बघताच एवढा जीव लावला त्याने? अनिकेत, मला हेच हवं."

"ग्रँड! घेऊन टाकू," तो म्हणाला.

ब्लँकेटमध्ये गुंडाळून ते त्याच्या गाडीत मीच चढवलं.

आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती त्या कपाची गोष्ट सांगेल, आणि शेवटी म्हणेल, अनिकेतने दिलंय. खरं सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का?