तळटीप क्रमांक सतरा

दक्षिण कोरियातल्या मोकपो बंदराच्या बाजारात तीस वर्षं सुकी मासळी विकून झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी सुनबुननं विद्यापीठात इतिहासाला नाव घातलं. पहिल्याच निबंधात तिनं लिहिलं, ‘आमच्या बाजारातल्या बायका फार कष्टाळू होत्या.’ लेखनाचा वर्ग घेणाऱ्या हेरिमनं त्याखाली लाल रेघ ओढली.

“हे कोण म्हणतं, मावशी?”

“मी म्हणते की!”

“तसं नाही चालत. पुरावा लागतो. आणि दुसऱ्याचं वाचतानाही तळटीप सोडायची नाही. काटे न काढता मासा गिळता का तुम्ही?”

हे मात्र सुनबुनला चटकन पटलं.

दुसऱ्या सत्रात विभागप्रमुखांचा गाजलेला लेख वाचायला होता, तोही तिच्याच बाजारावर. ‘या बायकांना गरिबी बोचत नसे, त्या गात गात मासे साफ करत.’ आधार, तळटीप सतरा: मासळीवाली छा यंगसिम हिची मुलाखत, मे १९८३.

छा यंगसिम म्हणजे सुनबुनची आई. ती वारली फेब्रुवारी १९८२ मध्ये. आणि गाणं कसलं? थंडीत बोटं चिरायची, वर मीठ झोंबायचं. आई तोंडानं शिव्या घालायची.

सुनबुननं आईच्या मृत्यूचा दाखला जोडून निबंध दिला. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं, चहा पुढे केला, खांद्यावर थोपटलं.

“आजीबाई, या वयात आठवणी दगा देतात.”

“आठवण नाही, सर. शिक्का बघा.”

“संशोधनात भावना आणू नयेत.”

थोपटलेला खांदा तिनं घरी जाऊन घासून घासून धुतला.

मग तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाला तिनं पत्र लिहिलं. चार महिन्यांनी एका कोपऱ्यात दुरुस्ती आली: ‘१९८३ ऐवजी १९८१ वाचावे.’ त्या अख्ख्या वर्षात आई लकव्यानं अंथरुणाला खिळली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सुनबुननं दवाखान्याचे कागद जोडून पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही.

“सोडा ना आता, मावशी,” हेरिम जमिनीकडे बघत म्हणाली, “माझी नेमणूक विभागप्रमुखांच्याच हातात आहे.”

“तूच शिकवलंस ना गं? तुला लाज कशी वाटत नाही?”



प्रबंधात सुनबुननं सगळं घातलं: दाखला, कागद, आणि ‘गात गात’चं ते वाक्य जसंच्या तसं उचलणारी अकरा पुस्तकं. जेमतेम पास केलं तिला. पदवीच्या दिवशी विभागप्रमुख फोटोसाठी शेजारी येऊन उभे राहिले, तशी ती तोंड फिरवून रांगेतून बाहेर पडली.