मोरीतल्या सळईवर चाललेला कॉम्प्युटर

मला आमच्या वायरमनने फसवलं. बीडच्या कॉम्प्युटरवाल्याने नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला चोर म्हटलं होतं.

दुष्काळाचं साल. बायको गावच्या महिला दूध संस्थेची सचिव होती. जनावरं चारा छावणीत घ्यायची तर संस्थेतल्या प्रत्येक बाईचं नाव, तिची जनावरं, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, अशी यादी सोमवारी द्यायची होती. आधी तिने हाताने लिहिलेली यादी ‘वाचता येत नाही’ म्हणून परत आली होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणून मी घरी कॉम्प्युटर आणला.

मी शेळ्यांचा व्यापारी. वडवणीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करत वर आलो. कॉम्प्युटरही तसाच घेतला; एकेक सुटा भाग घासाघीस करून, डोळ्यांसमोर जोडून. बायकोने त्याला जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं आणि दोन बोटांनी टाइप करायला बसली.

दुसऱ्याच दिवशी तो हँग झाला. बाण जागेवर थिजला, मग पडदा काळा. चालू केला तर निम्मी नावं गेलेली. मग दिवसातून चारपाचदा तेच. मी पेटी उघडली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली, दुसऱ्या खाचेत बसवली. पंखा बघितला, विंडोज नव्याने टाकून आणली. काही फरक नाही.

“शेळी घेताना दात बघता,” बायको म्हणाली, “याचे कावून न्हाई बघितले?”

मी पेटी पोत्यात गुंडाळून एसटीने बीडला नेली. दुकानात ती दिवसभर चालली. एकदाही अडकली नाही. मी म्हटलं, “हितं बरी चालती, घरी अडकती. जुना माल घातलास तू. चोर हायस.”

तो पोरगेलासा दुकानदार शांतपणे म्हणाला, “मामा, मशीन हितं चालतंय, तुमच्याकडं न्हाई. घरची लाईन बघून घ्या.”

मला तो अंग काढून घ्यायचा बहाणा वाटला. पेटी उचलून घरी आलो. घरी ती पुन्हा अडकली.

शनिवारी, आठ दिवसांनी, टँकर आला. बायकोने साठलेलं धुणं काढलं, मोरीतून पाणी वाहिलं. त्या दुपारी तिने सलग साठ नावं टाइप केली. रविवारी सकाळी परत हँग.

ती मोरीकडे बघत राहिली. दुष्काळ लागल्यापासून भांड्यांचं पाणीसुद्धा ती बादलीत धरून मी लावलेल्या लिंबाला घालायची, त्यामुळे मोरी कोरडी ठाक असायची. मोरीच्या कडेला जमिनीत एक लोखंडी सळई रोवलेली होती. तिने सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. घरातली मिणमिणती ट्यूबलाईट लख्ख झाली.

“बघितलं का?” ती म्हणाली.

मी मेन बंद केला आणि तारा तपासल्या. खांबावरून घरात दोन तारा येतात; एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. आमची परतीची तार पूर्वी तुटली होती. वायरमनने नवी टाकली म्हणून सांगितलं, मजुरी घेतली, चहा घेतला. तार टाकलीच नव्हती. मीटरपासून वायर आणून सळईला बांधली होती. परतीची वीज सळईतून ओल्या जमिनीत उतरत होती; सगळं घर मोरीच्या ओलीवर चाललं होतं. ओल गेली तशी वीज कमी पडली आणि कॉम्प्युटर अडकू लागला.

मी शिव्या देत होतो. बायको हळूच म्हणाली, “भांडी घासताना पायाला मुंग्या यायच्या. मला वाटलं, वय झालं.”

मी तिचे पाय बघितले. भेगा पडलेले, ओल्या दगडावर वर्षानुवर्षं उघडे उभे राहिलेले. लग्नानंतर ते इतके नीट मी कधी बघितले नव्हते.

त्याच दिवशी दुसऱ्या माणसाकडून खांबापासून तार ओढून घेतली. सळई उपटून टाकली. बायकोने संध्याकाळपर्यंत यादी पुरी केली, सोमवारी दिली, या वेळी यादी परत आली नाही. गावची जनावरं छावणीत गेली. त्यानंतर बीडला जाऊन मी त्या दुकानदाराची गिऱ्हाइकांसमोरच माफी मागितली. तो म्हणाला, “मामा, बसा, चहा घ्या.”

वायरमन अजून गावात आहे. मला बघून गल्ली बदलतो. मजुरी तुला माफ केली बाबा. पण एकदा आमच्या घरी ये, चपला काढ, त्या ओल्या दगडावर उभा राहा आणि माझ्या बायकोला तिच्या तोंडावर सांग: तिथं तुझी बायको भांडी घासत असती, तर तू ती वायर सळईला बांधली असतीस का?