दोन बोटांचा ॲ

दुष्काळाच्या साली म्या गावच्या दूध सोसायटीत माप घालायला व्हतो. दूध आटलं व्हतं, पर मानसं आटली न्हवती. काम न्हाय, म्हनून लोकं येऊन बसायची आन म्या त्यास्नी हसवायचो. साळंची पायरी कंदी चढलो न्हाय, पर कुनाची बी नक्कल यायची. तेवढीच माझी इद्या.

थोरल्या लेकीची सोलापुरात नर्सिंगची मुलाखत व्हती. आठ दिस ऱ्हायले व्हते. चार वाक्यं इंग्रजीत बोलावी लागतेत, असं साळंतल्या बाईंनी सांगितलेलं. लेक सुट्टीत खडी फोडायला जायची. तिथं धुळीपायी समदेच ओठ मिटून बोलायचे, तिला बी तीच सवय. बाई म्हनल्या, बेड म्हनजे खाट, तवा दातांत एक बोट मावंल एवढंच तोंड उघडायचं. बॅड म्हनजे वाईट, तवा दोन बोटं. पोरगी भाकरी थापताना बी बेड-बॅड करायली.

मला इषय घावला. सोसायटीत दोन बोटं तोंडात घातली आन शेळीवानी “बॅऽड” केलं. मानसं पोट धरून हसली. “अजून एकदा करा की ओ!” म्या केलं. वळून बघतो तर लेक दारात. किटली ठिवली आन गेली.

तवापास्नं घरात इंग्रजी बंद. तिची माय म्हनली, “शिवलं का पोरीचं त्वांड? झालं समाधान?”

लेक म्हनली, “मला जायचंच न्हाय, आबा. तिथं बी हसतील.”

तवा मनात आलं, आजवर म्या लई जनांच्या नकला केल्या. हसनारी मानसं मला दिसायची. ज्याला हसले, त्यो कवा उठून गेला, ते कंदी बघितलं न्हाय.

दुसऱ्या दिशी ती दूध घिऊन आली. म्या समद्यांम्होरं बोटं तोंडात घातली. “आज नक्कल न्हाय. बरूबर येतंय का, तूच सांग.” आन काय सांगू, नकलंत आलेला बॅड खरं म्हनताना येईचना! लाळ मनगटावर आली.

“आरं, मापाचा हात त्वांडात नगं घालू!” एक म्हातारी वरडली. लोकं हसायली.

लेकीला ऱ्हावलं न्हाय. “तसं न्हाय, आबा. जबडा खाली सोडा. बॅड.”

“बेड?”

“बॅड!” मोठ्यानं, समद्यांदेखत. लई येळ झापलं तिनं मला.

सोमवारी पहिल्या यष्टीनं ती निघाली. म्या बी टोपी घालून तयार.

“तुमी नगा येऊ,” म्हनली. “तिथं बी हसवताल.”

मायला घिऊन गेली.